धारेवरची वाट

आमच्या घरात बेत पुष्कळ होतात. काश्मीरला जाण्याचा बेत लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरला. तो अजून कायम आहे. गच्चीवर भाजीपाला लावण्याच्या बेतातल्या कुंड्या आल्या, माती यायची राहिली. या सदराच्या जुन्या वाचकांना माझा हा स्वभाव परिचयाचा आहे, आणि आमच्या सौभाग्यवतींना तर तो त्याहून परिचयाचा. त्यामुळे गेल्या आषाढात एका रात्री जेवताना मी जेव्हा जाहीर केले, की यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बापलेक डोंगराच्या धारेवरून सायकलने औंढ्याला जाणार, तेव्हा त्यांनी आमटीची पळी हवेतच थांबवली आणि मलाच धारेवर धरले.

"अहो, वय काय तुमचं?"

"शेहेचाळीस."

"आणि सायकल शेवटची कधी चालवलीत?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी पाणी प्यालो.

खरे सांगायचे तर बेत मुळात माझा नव्हे, आमच्या चिरंजीवांचा. दहावीला बरे मार्क पडले म्हणून त्याला सायकल घेऊन दिली. ती घरात आली तेव्हा मला वाटले, दुकानदाराने चुकून मोटारसायकलची टायरे बसवली असावीत. जाड टायरांवर रबराच्या गाठी, पुढच्या चिमट्यात स्प्रिंगा, आणि गिअर एकवीस! पुढे तीन चकत्या, मागे सात. तीन साती एकवीस. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. "ही डोंगरात चालवायची सायकल आहे बाबा," चिरंजीव म्हणाले. मी म्हटले, "असेल, पण भाजी कशाला अडकवायची?"

मराठीच्या प्राध्यापकाला यंत्र कळत नाही असा एक समज आहे. तो खोटा पाडण्यासाठी मी अंगणात उकिडवा बसून दाते मोजले. पुढची सर्वांत लहान चकती चोवीस दात्यांची, मागची सर्वांत मोठी अठ्ठावीस दात्यांची. म्हणजे पायडल एकदा पुरते फिरवले तरी मागचे चाक एक फेरीसुद्धा पुरी करीत नाही. मग माळ्यावरून आमच्या वडिलांची जुनी काळी सायकल उतरवली आणि तिचेही दाते मोजले. पुढे चव्वेचाळीस, मागे अठरा. पायडलाच्या एका फेरीला चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या. सपाटीवर ती पळेल, पण चढावर मांड्यांचे हाल करील. नवीवर मात्र पाय भराभर फिरतात, सायकल गोगलगायीसारखी सरकते, आणि चढ मुकाट्याने मागे पडतो. जोर वाचवावा तर वेळ मोजावा लागतो. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही.

या डोंगरी सायकलीचा इतिहासही गमतीचा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टॅमलपायस नावाचा एक डोंगर आहे. १९७०च्या सुमारास तिथल्या काही तरुणांना त्याच्या उतारावरून सायकली हाकण्याचा नाद लागला. सायकली कसल्या, तर १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या, लोकांनी अडगळीत टाकलेल्या, जाड टायरांच्या. मागे पायडल मारले की लागणारा ब्रेक उतारावर इतका तापे, की आतले वंगण जळून त्याचा धूर होई. खाली पोचले की ते नव्याने भरावे लागे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी त्या भागात पहिली शर्यत लावली, आणि पुन्हा वंगण भरण्याच्या त्या उद्योगावरून उतारालाच 'रीपॅक' असे नाव पडले. त्यांच्यातल्या जो ब्रीझ नावाच्या गड्याने १९७७मध्ये मुद्दाम डोंगरासाठी म्हणून सायकल बांधली. पुढे १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन बसला. अडगळीतून ऑलिंपिकपर्यंत वीस वर्षे! माझ्या कुंड्यांनाही अजून आशा आहे.

असो. तर चिरंजीवांनी मोबाइलवर उपग्रहाने काढलेले चित्र उघडले आणि हिंगोली व औंढा नागनाथ यांच्यामधल्या डोंगररांगेवर बोट ठेवले. सडकेने हे अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाणारे औंढ्याचे देऊळ. श्रावणात आणि महाशिवरात्रीला ही सडक माणसांनी फुलते. पण ह्याला सडक नको होती. ह्याला डोंगराच्या माथ्यावरून, दोन्हीकडे खोल दिसेल अशा धारेवरून जायचे होते.

मी दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना गाठले. त्यांनी भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशा टेबलावर पसरला. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. त्यावर तपकिरी रेघांचे जाळे; एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी एकेक रेघ, आणि दोन रेघांच्या मध्ये वीस मीटरची उंची. रेघा दाटीने आल्या की चढ उभा. दूर दूर झाल्या की माळ सपाट. रेघांचे टोक उताराकडे निघाले असेल तर ती डोंगराची सोंड, चढाकडे शिरले असेल तर तो ओहोळ. पंचवीस वर्षे कवितेच्या ओळी शिकवतो आहे, पण ओळीकडे नुसते पाहून दम लागावा हा अनुभव मला नवा होता.

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी तुम्हाला सांगितल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. हिंगोली वसली आहे कयाधूच्या काठी. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता थेट सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे पाणी मात्र दक्षिणेला उतरते. त्यातले पूर्णेला मिळालेले परभणी जिल्ह्यातच गोदावरीत पोचते. म्हणजे धारेवर उभे असताना पावसाचा एक थेंब तुमच्या डाव्या खांद्यावर पडला आणि एक उजव्या, तर त्यांची ताटातूट तिथेच झाली. एकाने सगळा विदर्भाचा फेरा करून यायचे, दुसऱ्याने जवळच्या वाटेने. आणि दोघांची पुन्हा गाठ पडायची ती सिरोंच्यापाशी, गोदावरीत.

मी नकाशाची नक्कल घेऊन घरी आलो. आता अडचण एकच होती. नकाशात डोंगर होता, उपग्रहाच्या चित्रात डोंगर होता, पण वाट कशातच नव्हती. चित्रात नुसता हिरवा-तपकिरी गोंधळ. चिरंजीव चित्र बोटांनी मोठे करीत होते, मी चष्मा वर-खाली करीत होतो, आणि कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आवाज आला,

"म्हसोबापासून धार धरायची."

आम्ही दोघांनी वळून पाहिले. अण्णा बोलले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. गेली दोन वर्षे त्यांना विसर पडू लागला आहे. चहा घेतला की नाही हे त्यांना आठवत नाही. कधी मला माझ्या धाकट्या काकाच्या नावाने हाक मारतात. आई जाऊन सहा वर्षे झाली, पण एखाद्या संध्याकाळी "अजून देवळातून आली कशी नाही?" म्हणून दाराकडे पाहत बसतात. आणि रोज सकाळी उठल्याबरोबर विचारतात, "आज सोमवार का रे?" डॉक्टर म्हणाले, जुने टिकेल, नवे टिकणार नाही, त्यांच्याशी बोलत राहा. बोलायचे काय, हाच प्रश्न होता. चार वाक्यांनंतर संभाषण पुन्हा चहापाशी येई, आणि आम्ही एकेक जण काही तरी कामाचे निमित्त करून उठत असू.

१९६९ साली अण्णांना मास्तरकीची पहिली नेमणूक मिळाली ती डोंगरापलीकडच्या, औंढ्याच्या अंगाच्या एका खेड्यात. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. तिचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते सायकलने हिंगोलीला घरी येत आणि सोमवारी पहाटे परत जात. हे आम्हाला ठाऊक होते. ते सडकेने जात असतील असे आम्ही धरून चाललो होतो, इतकेच. कधी विचारले नव्हते.

"सडकेनं कामून जायचं?" अण्णा म्हणाले. "फेरा पडतो. आणि पावसाळ्यात खाली सगळी काळी माती. चाक फिरायचं बंद होतं. धारेवर मुरूम. पाणी थांबत नाही तिथं. वरून वाळलेलीच वाट."

ही गोष्ट भूगोलाच्या प्राध्यापकांनीही मान्य केली. धारेवरचे पाणी दोन्हीकडे निथळून जाते, म्हणून जुन्या पायवाटा पुष्कळदा माथ्यावरून गेलेल्या असतात.

त्या दिवसापासून आमच्या घरातली संध्याकाळ बदलली. चिरंजीव मोठा कागद घेऊन अण्णांच्या पायाशी बसू लागले. अण्णा सांगत आणि तो काढी. पायथ्याशी ओढा, तो ओलांडला की चढ, चढाच्या मध्यावर सायकल खांद्यावर घ्यायची. "लाजायचं नाही. सायकल आपल्याला दहा कोस नेते, आपण तिला दहा पुरुष न्यावं." माथ्यावर शेंदूर लावलेला म्हसोबा. तिथून धार. धारेच्या मध्ये एक बांधीव विहीर, तिच्यावर जांभळीचे झाड. स्वच्छ दिवशी सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याची चकाकी. धरण तेव्हा नवेच होते.

१९७२च्या दुष्काळाची हकिकतही या वाटेवरूनच आली. त्या वर्षी जांभळीच्या विहिरीचा तळ दिसला. डोंगराच्या कुशीत खडी फोडण्याचे काम निघाले होते, आणि अण्णांच्या वर्गातली अर्धी मुले आईबापांच्या मागे तिथेच. अण्णा दोन महिने जाता-येता तिथे थांबून त्यांना उजळणी म्हणायला लावीत. मुले मिळालेली सुकडी चघळत चघळत पाढे म्हणत. "एकोणतीसचा पाढा कुणाला येत नव्हता," अण्णा म्हणाले. "मलाबी येत नव्हता. पण त्यांना ते ठाऊक नव्हतं." आणि स्वतःशीच हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना असे हसताना पाहिले.

आणखी एक गोष्ट अशीच कळली. एका महाशिवरात्रीला त्यांनी आईला कॅरिअरवर बसवून याच धारेवरून औंढ्याला नेले होते. त्यांच्या लग्नाला तेव्हा वर्ष झाले होते. ती वाटभर एक शब्द बोलली नाही. देवळात पोचल्यावर मात्र म्हणाली, "परत पायी येईन." आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "बघा, बायकांना किती पूर्वीपासून कळत होतं."

मीही तयारीला लागलो. एका सहकाऱ्याकडून गिअरची सायकल मागून आणली आणि पहाटे नर्सीच्या रस्त्याने जाऊ लागलो. नर्सी हे परंपरेने नामदेव महाराजांचे जन्मगाव. औंढ्याला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले असे सांगतात. पुढे ते पंजाबपर्यंत गेले. त्यांच्या एकसष्ट रचना शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. एवढा प्रवास त्या काळात त्यांनी केला, आणि मला सहाव्या किलोमीटरला धाप लागून मैलाच्या दगडावर बसावे लागे. बसल्या बसल्या मी त्या मुंबईच्या पारशी तरुणांची आठवण काढी. १९२३ साली सहा जण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले; अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी ती १९२८ साली पुरी केली. त्यांच्याजवळ एकवीस गिअर नव्हते. वाट दाखवणारा उपग्रहही नव्हता. जिथे जातील तिथे माणसांनाच विचारावे लागले असेल.

श्रावणाच्या अखेरीस बेताला पहिली ठेच लागली. कागदावर जांभळीची विहीर वाटेच्या डाव्या हाताला काढलेली होती. एका संध्याकाळी अण्णा सांगता सांगता म्हणाले, "विहीर उजव्या हाताला ठेवायची."

"आबा, काल तुम्ही डाव्या म्हणालात."

"उजव्या."

दोन दिवसांनी पुन्हा, "डाव्या हाताला जांभूळ लागलं की पाणी प्यावं."

चिरंजीवांनी रबराने तीनदा विहीर पुसली. कागदाला तिथे भोक पडायची वेळ आली. ती जागा महत्त्वाची होती, कारण विहिरीपाशी धारेला दोन सोंडा फुटतात. एक शाळेच्या गावाकडे उतरते, दुसरी भलतीकडे, उभ्या कड्याशी जाते. विहीर कोणत्या बाजूला, यावर सोंड कोणती हे ठरायचे. चिरंजीव उठून माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, आबांना नीट आठवत नाही. सगळंच असं असेल तर?"

आवाज पुरेसा हळू नव्हता. अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. त्यानंतर चार दिवस ते त्या वाटेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कागद समोर धरला की म्हणत, "तुमच्या त्या मोबाइलात बघा." पाचव्या दिवशी त्यांनी चहाबद्दलही विचारले नाही. मला त्या शांततेची भीती वाटली. इतर सगळ्या बाबतींत त्यांनी हार मानली होती. घरातल्या किल्ल्या, पेन्शनचे पासबुक, औषधांची वेळ, सगळे एकेक करून आम्ही त्यांच्या हातून काढून घेतले होते, आणि प्रत्येक वेळी ते "बरं" म्हणाले होते. ही वाट तेवढी त्यांची राहिली होती. ती खोटी ठरली तर त्यांच्यापाशी काय उरणार? आणि ती खरी धरून पोराला भलत्या सोंडेवर घेऊन गेलो तर?

बेत करणाऱ्या माणसाला अशा वेळी एकच उपाय असतो, तो म्हणजे खुर्चीतून उठून स्वतः जाऊन पाहणे. पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघे मोटारसायकलने पायथ्याशी गेलो आणि तिथून पायी वर निघालो. सायकली नेल्या नाहीत. पाऊस नुकताच उघडला होता आणि खालच्या शेतांतली काळी माती बुटांना शेरभर चिकटत होती. ओढा होता. चढ होता, अण्णा म्हणाले तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागेल असाच होता. आणि माथ्यावर कमरेइतक्या गवतात शेंदराचा म्हसोबाही होता. पुढे कुणी तरी ताजा नारळ फोडलेला. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले, पण बोलले नाहीत.

म्हसोबापाशी शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा भेटले.

"कुठं निघाले सर?"

मी बेत सांगितला.

"सायकलीवर? कामून? गाडी नाही का तुमच्याकडं?"

गाडी असून सायकलीवर का जायचे, याचे उत्तर मला देता आले नाही. पण त्यांनी माहिती मात्र सढळपणे दिली. पुढे मुरूम नेण्यासाठी धारेचा एक तुकडा खणून काढला आहे, तिथे खाली उतरून वळसा घालावा लागेल. त्याच्या पलीकडे वनखात्याची नवी लागवड आहे. तारेच्या कडेने जा, आत जाऊ नका. गवत आहे तोवर पायाखालचा दगड दिसत नाही, दिवाळीपर्यंत थांबा. "पण तवा कुसळं व्हतेत. आन् सराटे. तुमच्या टूबीचं काही खरं नाही."

तासाभराने आम्ही विहिरीपाशी पोचलो. जांभळीचे झाड नव्हते; जाडजूड बुंधा तेवढा राहिला होता आणि त्याला नवे धुमारे फुटले होते. विहिरीत पाणी काठोकाठ होते. विहीर वाटेच्या डाव्या हाताला होती.

चिरंजीव कठड्यावर बसले. "म्हणजे डावीकडे बरोबर, उजवीकडे चूक," ते म्हणाले. त्यात आनंद नव्हता. निम्मेच आठवते आहे हे सिद्ध झाले होते. आम्ही डबा खाल्ला, दोन्ही सोंडा दुरून पाहून घेतल्या. लांबवर खरोखरच पाण्याची एक पातळ रेघ चमकत होती. मग आम्ही परत फिरलो.

परतताना पन्नास पावलांवर तो थांबला. मागे वळून विहिरीकडे पाहिले, पुढे पाहिले, आणि एकदम ओरडला,

"बाबा! उजवीकडे!"

शनिवारी येताना उजवीकडे आणि सोमवारी जाताना डावीकडे. अण्णांनी एकदाही चूक केली नव्हती. ते काही संध्याकाळी शाळेला जात होते आणि काही संध्याकाळी घरी येत होते. आम्ही त्यांना हे विचारले नव्हते, कारण आम्हाला वाटे की अण्णा खुर्चीत बसले आहेत.

घरी आल्यावर बूट न काढताच तो अण्णांसमोर जाऊन बसला. "आबा, जाताना डावीकडे, येताना उजवीकडे."

"मग?" अण्णा म्हणाले. "मी काय म्हणत होतो?" आणि क्षणभराने, "तू कुठं गेला होतास रे? चिखल किती!"

त्या रात्री कागदावर दोन विहिरी निघाल्या. एका रेघेवर जाण्याची, दुसऱ्या रेघेवर येण्याची.

आता बेत पक्का झाला आहे, आणि माझ्या आयुष्यातला पहिलाच असा, की त्यात काय चुकू शकेल हेही लिहिलेले आहे. भाऊबीज झाली की नंतरच्या आठवड्यात निघायचे. तोवर चिखल वाळलेला असेल, सोयाबीन निघालेले असेल, तूर मात्र उभी असेल. तेव्हा शेतातून सायकल न्यायची नाही, बांधानेच ढकलायची. पहाटे सहाला पायथ्याशी. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी. कुसळे आणि सराटे यांच्यासाठी दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सामान, पंप आणि पाने. टायरांत हवा सडकेपेक्षा थोडी कमी, म्हणजे ती दगडावर उसळत नाहीत, धरून चालतात. उतारावर बूड मागे न्यायचे, दोन्ही पायडले सारख्या उंचीवर ठेवायची, दोन्ही ब्रेक मिळून हलके दाबायचे. नुसता पुढचा दाबला तर सायकल थांबते आणि स्वार पुढे जातो. हा धडा चिरंजीवांनी मला अंगणात दिला आणि परीक्षाही घेतली. डोक्यावर शिरस्त्राण, ही सौभाग्यवतींची अट. वाटेचा एक कागद घरी ठेवायचा, कारण माथ्यावर मोबाइल सगळीकडे लागत नाही.

आणि अण्णांची अट. ती त्यांनी एका संध्याकाळी अगदी शाळामास्तरांच्या आवाजात सांगितली: "निघायची वेळ कुणीही ठरवतो. परत फिरायची वेळ आधी ठरवा." म्हणून कागदावर लिहिले आहे: दहा वाजेपर्यंत विहिरीशी पोचलो नाही, तर तिथूनच माघारी. पुढे औंढा दिसत असला तरी माघारी. विहीर उजव्या हाताला ठेवून.

सगळे ठीक झाले, तर अकराच्या सुमाराला आम्ही डोंगर उतरून शाळेच्या गावात पोचू. तिथे अण्णा आमची वाट पाहत असतील. सौभाग्यवती त्यांना मोटारीतून सडकेने घेऊन येणार आहेत. गाडी त्याच चालवतात, आणि माझ्यापेक्षा बरी चालवतात. सुट्टीमुळे शाळा बंद असेल, पण पटांगणात खुर्ची ठेवायला कुणाची हरकत नाही, असे तिथल्या आजच्या गुरुजींनी कळवले आहे. मग सगळ्यांनी मिळून नागनाथाचे दर्शन. अण्णांना त्या दिवशी शाळा ओळखू येईल की नाही, हे सांगता येत नाही. आपण तिथे कशासाठी बसलो आहोत, हेही कदाचित ते विचारतील. सौभाग्यवती म्हणाल्या, "विचारले तर सांगेन. दहा वेळा विचारले तर दहा वेळा सांगेन." काश्मीरची बाकी त्यांनी माझ्याकडून कधी वसूल केली नाही, ती का, हे मला त्या वेळी कळले.

बेत मी रविवारचा धरला होता. परवा कागद पाहिला तर रविवार खोडून त्यावर चिरंजीवांच्या अक्षरात सोमवार लिहिलेला. मी विचारले, "हे का बदललंस? सोमवारी रस्त्यावर ट्रक जास्त असतात."

तो म्हणाला, "आबा रोज विचारतात ना."

म्हणून त्या दिवशी पहाटे अण्णा उठतील आणि विचारतील, "आज सोमवार का रे?" तेव्हा मला, पुष्कळ दिवसांनी, हो म्हणता येईल.